तीन फुल्या, नाहीतर पीस रिजेक्ट

सेवा: मॉरिशसची संसदीय निवडणूक. वापर: दोनदा, 7 नोव्हेंबर 2019 आणि 10 नोव्हेंबर 2024. ठिकाण: मतदारसंघ क्रमांक 18, बेल रोझ–कात्र बोर्न.

माल तपासणं हा माझा धंदा. आधी इचलकरंजीत कापडाचे तागे उलगडून डाग शोधायचो, 2016 पासून इथे मॉरिशसमध्ये एका गारमेंट कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर उभा असतो. शर्ट हातात आला की आधी कॉलर, मग खांदा, मग शिवण, आणि शेवटी टेप. हाताला सवयच अशी लागलीय की लग्नाच्या पंगतीत बसलो तरी शेजाऱ्याच्या बाहीचा लोंबणारा धागा दिसतो. तेव्हा निवडणूकही मी तशीच तपासली. कुणी विचारलं नव्हतं, तरी अभिप्राय देतोय. दोनदा वापरलेल्या मालावर बोलायचा हक्क गिऱ्हाइकाला असतो.

आधी शंका फेडतो, कारण हे सांगितलं की गावाकडचे लोक मला वेड्यात काढतात. माझा पासपोर्ट भारताचा आहे आणि मी मॉरिशसमध्ये मत टाकतो. चोरून नाही, राज्यघटनेप्रमाणे. राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा नागरिक इथे दोन वर्षं राहिला आणि वय 18 पूर्ण असलं की त्याचं नाव यादीत जाऊ शकतं. इंग्रजांनी जाताना ठेवलेल्या सामानातली ही एक वस्तू. आमच्या कारखान्यातल्या बांगलादेशी पोरांनाही तोच नियम. यावरून इथे कुरबुर होतेच, 2019 मध्ये तर चांगलीच झाली, की परदेशी कामगारांनी आमचं सरकार का ठरवावं? त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. पण आठ वर्षं इथे कर भरलाय, पोरगी इथल्या शाळेत क्रेओल, म्हणजे इथली बोली, बोलून भांडते, तर तीन फुल्या मारण्याइतका मीही इथला आहे.

हो, तीन. एका माणसाला तीन मतं. मॉरिशस बेटाचे 20 मतदारसंघ, प्रत्येकातून तीन आमदार. इथे त्यांना डेप्युटी म्हणतात. शिवाय पूर्वेला समुद्रात लांब असलेलं रॉड्रिग्ज बेट हा 21 वा मतदारसंघ, तिथून दोन. झाले 62. आणि तीन मतं म्हणजे तीनच टाकायची. एकच माणूस पसंत आहे म्हणून एकच फुली मारून आलात तर मत बाद. दोन मारल्या तरी बाद, चार मारल्या तरी बाद.

आमची घरमालकीण मराठी आहे, इथली पाचव्या पिढीची. आम्ही मावशी म्हणतो. तिचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात आले. माहेर कास्कावेलचं, म्हणजे इथल्या मराठ्यांचं जुनं ठाणं. मराठीत ती झाकरीची, म्हणजे इथल्या मराठ्यांची लोकगाणी आणि गणपतीच्या आरत्या म्हणते. शिव्या, हिशोब आणि राजकारण क्रेओलमध्ये. मतदानाच्या आदल्या रात्री तिने माझ्या बायकोला ओट्याशी उभं केलं, विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर चौकटी आखल्या आणि फुल्यांचा सराव करून घेतला. बायको म्हणाली, "मावशी, मी बी.कॉम. आहे हो." मावशी म्हणाली, "माझा नवरा शाळामास्तर होता. 1976 ला दोनच मारून आला." त्या बिलावरच्या फुल्या अजून आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहेत.

आता प्रत्यक्ष सेवा. 10 नोव्हेंबरचा रविवार. सकाळी सात वाजता दारं उघडली, आम्ही साडेसातला सरकारी शाळेत हजर. रस्त्यावर महिनाभर ओरिफ्लामांचा, म्हणजे पक्षांच्या पताकांचा, नुसता मांडव झाला होता: मजूर पक्षाचा लाल, एमएमएम या पक्षाचा जांभळा, तेव्हा सत्तेवर असलेल्या एमएसएमचा नारिंगी. कोपऱ्याकोपऱ्यावर पक्षांचे 'बाझ', आपल्याकडे मंडळाचा मांडव असतो ना, तसं. रात्री तिथे गाणी आणि बिर्याणी. बिर्याणीशिवाय इथे निवडणूक होत नाही. कुठल्या रंगाच्या बाझवर मटण आणि कुठे नुसतं चिकन यावरून लोक निकालाचा अंदाज बांधतात. मी दोन्हीकडे जेवलो. हे मावशीला माहीत नाही.

शाळेत मात्र शांतता. दारात पोलीस, वर्गावर्गात टेबलं, पक्षांचे एजंट आपापल्या यादीवर डोकं घालून बसलेले. माझा पासपोर्ट पाहून बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा फोटोकडे पाहिलं आणि यादीत बोट फिरवलं. सापडलं. "मेर्सी, मिस्ये." इतकंच. पुढच्या टेबलावर मतपत्रिका. कागदाचीच, इथे यंत्र नाही. नावांची लांबच लांब रांग आणि समोर चिन्हं: मजूर पक्षाची किल्ली, एमएमएमचं हृदय, एमएसएमचा सूर्य वगैरे. क्रेओलमध्ये लाक्ले, लेकेर, सोलेय. वाचता न येणाऱ्यालाही या तीन वस्तू कळतात. आडोशाला जाऊन तीन फुल्या मारल्या, घडी घातली, पेटीत टाकली. यंत्राची ती लांबलचक पीऽऽऽ नाही, त्यामुळे क्षणभर मत पडलं की नाही असंच वाटलं. घरून निघून परत येईपर्यंत 40 मिनिटं, त्यातली दहा गातो पिमांच्या, म्हणजे मिरचीच्या भज्यांच्या, गाडीवर गेली. माझ्या पुढे एक आजी होत्या, चाकाच्या खुर्चीत. त्यांना रांगेतून काढून पुढे नेलं तेव्हा एकानेही कुरकुर केली नाही. इचलकरंजीत निदान एक जण तरी म्हणाला असता, "आम्ही काय सकाळपासून गोट्या खेळायला आलोय?"

मोजणी त्याच रात्री करत नाहीत. पेट्या रात्रभर पहाऱ्यात, आणि दुसऱ्या दिवशी हाताने. सुमारे दहा लाख मतदार, त्यांतले 80 टक्क्यांच्या आसपास आलेले, आणि प्रत्येक कागदावर तीन फुल्या. तरी सोमवारीच चित्र स्पष्ट झालं. तेव्हाचे पंतप्रधान, एमएसएमचे प्रविंद जगन्नाथ यांनी त्याच दिवशी पराभव मान्य केला. स्वतःच्या आठ नंबरच्या मतदारसंघातही ते पडले. ना दगडफेक, ना रिसॉर्ट, ना आमदारांच्या बसगाड्या. मंगळवारी कारखाना चालू. शिवणकाम म्हणाल तर एक नंबर. एक धागा बाहेर नाही.

मग टेप लावला.

आमच्या टेबलावर एक नियम आहे. शिवण चुकली तर अल्टरला पाठवायचं, कटिंग चुकलं असेल तर कितीही सुबक शिवा, अंगात बसत नाही. या निवडणुकीचं कटिंग चुकलंय. 2024 ला मजूर पक्षाचे नवीन रामगुलाम यांच्या आघाडीला मतं पडली साठ टक्क्यांच्या थोडी वर. जागा किती? मॉरिशस बेटावरच्या 60 पैकी 60. रॉड्रिग्जच्या दोन तिथल्याच पक्षाला. जगन्नाथांच्या ज्या आघाडीला 27 टक्के, म्हणजे पाव भागाहून जास्त लोकांनी मत दिलं, ती थेट निवडणुकीत शून्य. हे काही पहिल्यांदा नाही. 1982 ला तसंच, 1995 ला तसंच. इथल्या क्रेओलमध्ये त्याला शब्दच आहे, स्वासांत-झेरो. साठ-शून्य. आपल्याकडे 'क्लीन स्वीप' म्हणतात तसं, फक्त इथे खरोखरच झाडून नेतात.

आणि उलटी गंमत 2019 ची. तेव्हा जगन्नाथांच्या आघाडीला 37 टक्के मतं होती आणि 62 पैकी 38 जागा. एमएमएमला 20 टक्के मतं, जागा आठ. म्हणजे एकदा 37 मीटर कापडात सदरा झाला आणि एकदा 27 मीटर कापडात लंगोटही नाही.

कारण सोपं आहे. तीनही फुल्या लोक एकाच पक्षाला देतात. पक्षही तेच सांगत फिरतो: ब्लॉक मारा, त्र्वा-झेरो, म्हणजे तीन-शून्य, करा. तीनमधल्या दोन फुल्या इकडे आणि एक तिकडे असं मत फोडलं तर त्याला 'कुपे-त्रांशे' म्हणतात, कापून तुकडे केल्यासारखं, आणि शब्दाच्या सुरावरूनच कळतं की हे काही सभ्य काम नव्हे. मी दोन्ही वेळा कुपे-त्रांशे केलं. तीन माणसं निवडायची सोय आहे तर तीन वेगवेगळी निवडून बघावीत ना! मावशीला हे मुळीच पटत नाही. "मग सरकार कोण चालवणार, तुझा खिचडीवाला?"

मापाची तर बोंबच आहे. पोर्ट लुईसमधला तीन नंबरचा मतदारसंघ 22–23 हजार मतदारांचा, आणि चौदा नंबर, सावान–रिव्हिएर न्वार, साठ हजारांवर. डेप्युटी दोघांनाही तीन-तीनच. एक्स्ट्रा लार्ज माणसाला आणि पोराला एकच साइज. हे 20 मतदारसंघ 1967 पासून साधारण तेच चालत आलेत. मधल्या काळात वस्ती कुठून कुठे सरकली. आमच्याकडे खरेदीदाराने असा लॉट डोळे झाकून परत पाठवला असता.

आता त्यातला सगळ्यात गाजलेला भाग: ठिगळ. इथे त्याला बेस्ट लूझर म्हणतात, म्हणजे हरलेल्यांतले सगळ्यात चांगले. 1966 साली, स्वातंत्र्याच्या तोंडावर, बॅनवेल आयोगाने हे बसवलं. इथल्या अल्पसंख्याकांना भीती होती की बहुसंख्य हिंदू सगळंच नेतील. भीती खोटी नव्हती: 1967 च्या निवडणुकीत जवळजवळ 44 टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला मतं दिली होती. म्हणून ठरलं होतं की निकालानंतर आठपर्यंत जादा जागा द्यायच्या, ज्या समाजाचे लोक कमी पडले त्यांच्या हरलेल्या उमेदवारांना. पहिल्या चार समाज बघून, पुढच्या चार देताना पक्षांचा तोल बिघडू नये असं बघून.

समाज चार: हिंदू, मुसलमान, चिनी आणि 'सामान्य लोकसंख्या'. ही चौथी व्याख्या मी मोबाइलवर तीनदा वाचली. जो माणूस आपल्या राहणीवरून पहिल्या तिघांतला वाटत नाही, तो सामान्य. राहणीवरून! माझी राहणी सांगतो: सकाळी चहा-पाव, दुपारी डब्यात भाकरी, संध्याकाळी रस्त्यावरची दाल पुरी, रविवारी समुद्रात पोहणं आणि चतुर्थीला मोदक. आता लावा मला कुठल्या रांगेत लावायचं ते. मराठी, तमिळ, तेलुगू सगळे कायद्याच्या खात्यात 'हिंदू' म्हणूनच धरले जातात. बाझवर मात्र हिशोब वेगळा चालतो: यंदा मराठ्याला तिकीट कुठे, तमिळाला कुठे, मंत्रिपद कुणाच्या वाट्याला. मावशी म्हणते पाच वर्षांतून एकदा पुढाऱ्यांना आठवतं की ती मराठी आहे. तेव्हा ते हात जोडून "नमस्कार" म्हणतात आणि पुढचं वाक्य क्रेओलमध्ये.

आणि कुणाचा वाटा किती हे कशावरून मोजतात? 1972 च्या जनगणनेवरून. त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं, म्हणजे नवा आकडा नाही, म्हणून जुनाच. 50 वर्षांपूर्वीच्या मापाने अजून कपडे बेततात. उमेदवाराने आपला समाज लिहून द्यायला नकार दिला तर अर्ज बाद. रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव नावाच्या एका डाव्या पक्षाने या अटीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडण केलं. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला, 2014 च्या निवडणुकीपुरती सवलत मिळाली, पण 2019 ला पुन्हा त्यांचे अर्ज फेटाळले गेले. 2024 ला तोच पक्ष जिंकलेल्या आघाडीत, सरकारात जाऊन बसला. बघू या, कात्री हातात आल्यावर कापड कापतात की नाही.

पण ठिगळाची निंदा करताना मला थोडं थांबावं लागतं. 2024 ला याच सोयीने चार जण आत आले, सभागृह 66 चं झालं. त्या निवडणुकीनंतर विरोधी पक्षनेते झालेले जो लेजोंगार्ड हे त्यांतलेच. ठिगळ नसतं तर 60-0 नंतर सरकारला प्रश्न विचारायला मॉरिशस बेटावरचा एकही माणूस उरला नसता. म्हणजे कापडाला भोक कटिंग मास्तरने पाडलं आणि अब्रू ठिगळाने राखली. वाईट ठिगळ, पण उसवून टाकण्याआधी आतलं भोक बुजवायला हवं. मतांच्या प्रमाणात थोड्या जागा द्या, अशा शिफारशी इथे कितीदा आल्या, अहवाल कपाटात आहेत.

दुकानात व्हरायटीही कमीच. 1968 ला स्वातंत्र्य मिळाल्यापासून पंतप्रधान पाच: शिवसागर रामगुलाम, अनिरुद्ध जगन्नाथ, नवीन रामगुलाम, पॉल बेरांजे, प्रविंद जगन्नाथ. त्यांतले चार दोन घरांतले, बाप आणि लेक, बाप आणि लेक. आपण महाराष्ट्रातले लोक यावर हसायच्या लायकीचे नाही, म्हणून पुढे जातो.

विक्रीनंतरची सेवा: पक्की पण संथ. निकालावर तक्रार असेल तर सर्वोच्च न्यायालय, आणि त्याच्याही वर थेट लंडनची प्रिव्ही कौन्सिल. 2005 ला आठ नंबरमधून निवडून आलेल्या अशोक जगन्नाथ यांची निवड लाच म्हणून रद्द झाली, लंडनने ती 2008 मध्ये कायम केली आणि पोटनिवडणूक लागली. याला म्हणतात वॉरंटी. पण 2019 च्या निकालावर सुरेन दयाल यांनी केलेला अर्ज लंडनमध्ये फेटाळला गेला तो ऑक्टोबर 2023 मध्ये. तोवर पाच वर्षांच्या मालाची चार वर्षं वापरून झाली होती. शिवाय 2019 ला हजारो लोकांना यादीत आपलं नावच सापडलं नाही असा मोठा ओरडा झाला होता.

एक गोष्ट मात्र मी माफ करणार नाही. निवडणुकीच्या आधी 'मिस्ये मुस्तास', म्हणजे मिशीवाले साहेब, या नावाने कुणीतरी पुढारी, पत्रकार, पोलीस यांच्या फोनवरच्या बोलण्याच्या टेपा रोज सोडत होतं. सरकार म्हणालं सगळं बनावट आहे. लोक दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कानाला मोबाइल लावून ऐकायचे, आमच्या कटिंग विभागात तर मशीन बंद करून. आणि 1 नोव्हेंबरला हुकूम निघाला: 11 तारखेपर्यंत सोशल मीडिया बंद! ऐन दिवाळीत. बायकोने रांगोळीचा फोटो टाकायला घेतला तो गोल फिरतच राहिला. तिला वाटलं मी रिचार्ज विसरलो, आणि अर्धा दिवस मी विनाकारण बोलणी खाल्ली. ओरड झाल्यावर दुसऱ्या दिवशी बंदी मागे घेतली. पण माझ्या मते सूर्यछाप सरकार त्याच दिवशी बुडालं. मावशी फेसबुकवर फक्त नातीचे फोटो बघते, तीसुद्धा त्या दिवशी म्हणाली, "आता बघतेच."

तर गुण: केंद्रावरची वागणूक, मोजणी, हार मानण्याची रीत, यांना पाचपैकी साडेचार. कटिंग आणि माप, दीड. बिर्याणी चार, लालवाल्यांकडे बटाटा कच्चा होता.

कुणाला उपयोगी: दोन वर्षं झालेल्या आपल्या लोकांना. इथे राहून इचलकरंजीचं मत टाकता येत नाही, त्यासाठी स्वतः तिथे हजर राहावं लागतं. महाराष्ट्राचं विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, माझ्या इथल्या मतानंतर दहा दिवसांनी. सकाळी भावाचा फोटो आला, शाई लावलेलं बोट आणि मागे आमचा दूधवाला. मी परदेशात मत देऊन बसलो होतो आणि घरच्या निवडणुकीत नुसता प्रेक्षक.

नाव घालायचं असेल तर जानेवारीत घरी थांबा, यादीवाले दारोदार फिरतात. आमच्याकडे यंदाही आले. मावशीने कुत्रा बांधला, चहा ठेवला, आमचे पासपोर्ट टेबलावर मांडले. त्या माणसाने सगळ्यांची नावं नीट उतरवून घेतली. कप खाली ठेवताना मावशीने विचारलं, हे 72 सालचं प्रकरण एकदाचं कधी संपवणार? तो फॉर्म गोळा करत म्हणाला, "मादाम, मी फक्त नावं लिहितो."